माटोळीचं वजन

गोकुळदासांचं बजेट कधी चुकत नाही! हे मत खुद्द गोकुळदासांचं. पण त्यांनी ते इतक्यांदा ऐकवलं होतं की चोपडे गावात सगळ्यांना पाठ झालं होतं. सरकारी हिशेब खात्यात जन्म काढलेला माणूस! घराच्या माळ्याच्या जुन्या तुळया वाळवीनं पोखरल्या, तेव्हा भावकीनं "स्लॅब घाल, स्लॅब घाल" म्हणून डोकं उठवलं. पण ते ऐकतात कसले!

म्हापशाला आर्किटेक्ट असलेली भाची गौरवी म्हणाली, "मामा, आता कारखान्यात केलेल्या तुळया येतात. लाकडाचे थर चिकटवून. हलक्या, सरळ, आणि लागतील तेवढ्याच मागवायच्या."

"लागतील तेवढ्याच!" मामा खूश झाले. त्याच दिवशी बजेट तयार! वरच्या खोलीत एक खाट, एक लोखंडी कपाट, आणि खिडकीतून मोप्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं बघत लोळायचं. उरलेल्या पैशात बायकोला, म्हणजे विमलाला, स्वयंपाकाचा ओटा. लग्न झाल्यापासून बिचारी खालच्या धुरकट खोलीत चुलीपुढे वाकून रांधत होती, गणपतीच्या करंज्यासुद्धा.

"म्हणजे ह्या चवथीक मी उभी रवान नेवऱ्यो तळतलंय?" विमलानं विचारलं.

"चवथीच्या आधी ओटो! गोकुळदासाचो शब्द!"

मग त्यांनी तुळया करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला.

"वर किती वजन येणार, काका?" पलीकडच्या माणसानं विचारलं.

"मी, बायको, खाट आणि कपाट."

"आणि खालून काही टांगणार?"

गोकुळदासांच्या तोंडचं पाणी पळालं. माटोळी! गणपतीच्या डोक्यावर छताला बांधायची ती लाकडी चौकट! नारळ, केळ्यांचे घड, चिबूड, रानातली नाना फळं तिला लटकवायची. साऱ्या भावकीचा गणपती गोकुळदासांकडेच बसे आणि माटोळीला प्रत्येक घरातून काहीतरी येई.

"टांगणार. माटोळी."

"झुंबर का?"

"झुंबर कसलं हो! माटोळी! देवाची!"

"बरं. किती किलोची?"

गोकुळदास भडकले. देवाच्या माटोळीला कुणी तराजूत घालतं का? पुण्यात घालत असतील! पण फोन ठेवल्यावर त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. माटोळी मोजायची नाही, पण माटोळीला काय काय येणार ते विचारायला काय हरकत आहे? ते चप्पल घालून निघाले. इथंच सगळं बिघडलं.

पहिलं घर चुलतभाऊ सगुणचं.

"सगुण, यंदा माटोळीक तुजो केळ्यांचो घड किती किलोचो?"

आजवर सगुणला असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं छाती फुगवली. "माजो घड? तीस किलोचो! कमी नाय!"

पुढचं घर कमलाक्षी वहिनींचं. "सगुणाचो तीस? मगे आमचे नारळ चाळीस किलो घाला!"

तिसऱ्या घरी पोचेपर्यंत तिथं आधीच बातमी गेलेली, की गोकुळदास कुणाची ऐपत किती ते लिहून घेत फिरतोय! तिथं पन्नासाच्या खाली कुणी बोलेना. संध्याकाळी डिचोलीहून भाग्यलक्ष्मीचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, आमका विचारूकसुद्धा नाय? आम्ही काय भिकेक लागलो? आमचे साठ घाल!"

"अगो, पण साठ किलो कसलां?"

"तां मागीर बघूया! तू आदी घाल!"

पुण्याच्या माणसानं आकडा दोनदा विचारून घेतला. "काका, एवढ्याला तुळया दुप्पट लागतील. जाडही लागतील. नक्की माटोळीच ना?"

दुप्पट तुळया आल्या आणि ओट्याचे पैसे गेले. गोकुळदासांनी बायकोला समजावलं, की देवकार्य आहे, ओटा काय पुढच्या वर्षीही होईल. विमलानं नुसती मान डोलावली आणि ती चुलीकडे वळली. नवऱ्यानं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं!

चवथीच्या आदल्या दिवशी भावकी माटोळी बांधायला जमली. सगुण आला तो हातात केळ्यांची एक फणी घेऊन.

"घड खंय? तीस किलोचो?"

"माकडांनी खाल्लो."

"आणि वहिनी, नारळ?"

"झाडार चढूक माणूस गावूक नाय," कमलाक्षी वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दोन नारळ पुढे केले. भाग्यलक्ष्मीनं पिशवीतून एक चिबूड काढला. तोही अर्धा कच्चा.

"साठ किलो!" गोकुळदास ओरडले. "साठ किलो म्हणालीस तू!"

"दादा, सांगूक काय जाता? डिचोलीसून बसमधून साठ किलो हाडूचे कोणी?"

माटोळी बांधून झाली. पंखा लावला तर ती झोके घेऊ लागली. गोकुळदासांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमच्या तोंडांवर विश्वास ठेवून मी लुटला गेलो! ह्या तुळयांवर हत्ती नाचेल, हत्ती! आणि खाली लटकता काय? कच्चो चिबूड!"

विमला धुरातून डोळे पुसत बाहेर आली. "खराच हत्ती नाचतलो?"

"नाचतलो म्हणजे! वर हवी ती अवजड वस्तू ठेव! माझी गॅरंटी!"

"बरां," विमला म्हणाली.

गणपती पोचवून गोकुळदास चार पाहुण्यांना सोडायला गेले आणि घरी येऊन माळ्यावर विसावायला चढले. खाट गायब! नवं कपाट आडवं पडलेलं, त्यावर ओट्याची वाट बघत खोक्यात पडून राहिलेली गॅसची शेगडी. कोपऱ्यात दगडी रगडा. तो भावकीतल्या पोरांनी चढवून दिला होता. आणि खिडकीपाशी विमला ताठ उभी राहून भाजी चिरत होती.

"ह्यां काय? माजी खाट?"

"सकयल. चुलीकडे." तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "माज्या ओट्याचे पैशे हंयसर इले, म्हणान मीय इलंय. आणि विमानां काय सुंदर दिसतत हो हंयसून!"

गोकुळदासांनी वाद घालायला तोंड उघडलं; पण वजनाची गॅरंटी त्यांचीच होती.

"खाली सिलिंडर रवलो हां," विमला म्हणाली.

सिलिंडर वर चढवायची मजुरी बजेटात कुठंच धरलेली नव्हती. गोकुळदासांचं बजेट कधी चुकत नाही. त्यांनी सिलिंडर निमूट खांद्यावर घेतला.