जावईबापूंचे लाख वर्षांचे शिंपले

"डाग कसलाही असो, माझ्यापुढे टिकायचा नाही!" लेकीच्या घरी पाऊल टाकताच सासूबाईंनी जाहीर केलं. कढया झाल्या, नळ झाले, खिडक्या झाल्या. आता त्यांच्या डोळ्यांत सलत होता बाल्कनीतला ट्रे. त्यात जावईबापूंचे मळकट शिंपले!

जावई भूगर्भशास्त्रज्ञ. टेकडीच्या पोटातल्या वाळूच्या थरातून त्यांनी हे शिंपले उकरून आणले होते. शिंपल्यांचं वय कळलं, की समुद्र तिथवर कधी आला होता तेही कळतं. जावयांच्या मते, लाख वर्षांपूर्वी! उद्या संस्थेच्या डायरेक्टरबाई ते बघायला घरी येणार होत्या. त्यांना पटलं, तरच जावयांची नोकरी कायम.

"असली घाण पाहुण्यांपुढे ठेवायची?" सासूबाईंनी ट्रेमध्ये व्हिनेगरच्या बाटल्या रिकाम्या केल्या. फसफसून फेस आला. मळ निघतोय म्हणून सासूबाई खूश! सकाळी बघतात तर मळ गेलेला, आणि त्याच्यासोबत शिंपलेही. तळाशी नुसता गाळ!

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जावई दाढीत गुंतलेत तोवर त्या पिशवी घेऊन मासळीबाजारात धावल्या. पण घाई झाली म्हणून काय झालं, खरेदी ती खरेदी. एकेक शिंपला वाजवून, हुंगून, मासेवालीशी हुज्जत घालून घेतला. घरी येऊन त्यांना कुंडीतली माती फासली, की ट्रे होता तसा तयार.

डायरेक्टरबाई आल्या. जावयांनी ट्रे पुढे केला. त्यांचं लक्ष ट्रेकडे कुठलं! ते बाईंच्या चेहऱ्यावर खिळलेलं. बाईंनी वाकून पाहिलं, मान डोलावली.

"छान! चांगलेच जुने दिसताहेत."

"जुने आहेत ना, मॅडम?"

"प्रश्नच नाही. फारच जुने!"

जावयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता दाराआडच्या सासूबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. तेवढंच त्यांना जमेना!

"जुने?" त्या तरातरा बाहेर आल्या. "अहो, काहीतरीच काय! आज सकाळी आणलेत, पारखून!"

"आई!" जावई किंचाळले.

"तुम्ही थांबा हो! जन्मात कधी शिळं आणलं नाही मी!"

असं म्हणत त्यांनी एक शिंपला उचलून थेट डायरेक्टरबाईंच्या नाकासमोर धरला. शिंपल्याने जरासं तोंड उघडलं आणि बाईंच्या चष्म्यावर पचकन पाण्याची चिळकांडी उडवली.

"बघा!" सासूबाई विजयाने म्हणाल्या, "चांगला जिवंत आहे!"

जावयांबद्दल मात्र तेवढ्या खात्रीने काही सांगता येत नव्हतं.