परदेशी दुलईला उकळी

बाळाच्या बाबतीत माझ्या हातून चूक होत नाही! हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होण्याची दाट शक्यता आहे. ठकी, म्हणजे आमचं सहा महिन्यांचं कन्यारत्न, शिंकली तर किती वाजता शिंकली हेसुद्धा माझ्या वहीत सापडतं. त्यामुळे तिच्या जन्माआधी सासूबाई म्हणाल्या, की गल्लीच्या टोकाच्या गोधडीवाल्या मावशींना एक गोधडी सांगून ठेवू, तेव्हा जुन्या कापडात कोणकोणते जंतू संसार थाटतात यावर मी त्यांना पाऊण तास व्याख्यान दिलं. तेवढ्या वेळात त्यांनी दोन जुड्या पालेभाजी निवडली.

मग परदेशातून ताईंची, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेची, दुलई आली. पांढरे-निळे चौकोन, मधोमध एक पिवळं बदक. सोबत जाडसर कार्ड: ही दुलई हाताने शिवली असून टाके वाकडे असणं हीच तिची खूण आहे. ताईंनी फोनवर बजावलं, की असे टाके आपल्याकडे कुणाला जमायचे नाहीत. जमायचे काय नाहीत! शाळेत शिवणाच्या तासाला मी अगदी अस्सेच टाके घातले होते. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

ठकी त्या दुलईवर वीस मिनिटांच्या वर झोपायची नाही. वहीत नोंद आहे. पण दोष मी ठकीच्या स्वभावाला दिला. तो तिच्या बाबांवर गेलाय.

एका बुधवारी ताईंचा फोन आला. रविवारी येतेय, चार दिवस राहणार, आणि ठकीचे त्या दुलईवर भरपूर फोटो काढणार. मी लगेच दुलई धुवायला घेतली. लेबलवर लिहिलं होतं, गार पाण्यात, हलक्या हाताने. गार पाण्यात? जंतू काय सर्दी होऊन मरणार? ठकीच्या बाटल्या उकळते तशी मी ती दुलई सगळ्यात मोठ्या पातेल्यात कोंबली, झाकण ठेवलं, घड्याळ लावलं आणि वीस मिनिटं उकळली.

आत घालताना जी दाबून बसवावी लागली होती, ती आता चिमट्याने शोधावी लागली! बाहेर आली तेव्हा वीतभर उरली होती. चौकोनांचे टिकल्यांएवढे ठिपके झाले होते. बदक मात्र भरतकामाचं, ते होतं तेवढंच राहिलं. बदकाच्या मानाने तळं फारच आटलं होतं.

सासूबाईंनी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली, वाळत घातली आणि संध्याकाळी तिच्यातच धरून दुधाचं पातेलं उतरवलं. "बरी आहे," म्हणाल्या, "हात पोळत नाही."

नवऱ्याने सल्ला दिला, की ताईला खरं सांगून टाक. मग तूच सांग म्हटल्यावर त्याला ऑफिसचं काम आठवलं. ज्या जंतूंवरून मी सासूबाईंना पाऊण तास ऐकवलं, त्यांच्याच नादात दुलई उकळून मारली, हे ताईंना कुठल्या तोंडाने सांगणार? मी दुलईचा उकळण्याआधीचा फोटो घेऊन गल्लीच्या टोकाला पळाले.

मावशींनी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. "हे शिवणाऱ्या बाईला चष्मा लागलाय," त्या म्हणाल्या, "पण तिला कुणी सांगितलेलं नाही."

मी हात जोडून सांगितलं, की मावशी, रविवारच्या आत हुबेहूब अशीच दुलई हवी, आणि अस्सेच वाकडे टाके हवेत. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरीला चल म्हणाले होते. चाळीस वर्षांत वाकडा टाका पडला नाही, आता म्हातारपणी नाव घालवू? शिवाय त्यांची अट होती. घरातलं वापरलेलं एखादं कापड लावायला मिळाल्याशिवाय त्या सुईत दोरा ओवत नाहीत. लेकराला घरचा वास लागतो म्हणे! जंतूंवरचं व्याख्यान माझ्या ओठांवर आलं, पण रविवार आठवला आणि गिळलं. धावत घरी गेले, जुन्या कपड्यांच्या ढिगातलं वरचंच एक पट्ट्यापट्ट्यांचं उचललं आणि मावशींच्या हवाली केलं.

शनिवारी संध्याकाळी नवी दुलई हातात पडली. रविवारी ताईंनी ती थेट खिडकीपाशी नेली.

"टाके सरळ कसे गं झाले?"

मी खिडकीचा पडदा अर्धा ओढून घेतला. "धुतल्यावर बसले, ताई."

"बघ! याला म्हणतात परदेशी माल." मग त्यांनी ती उलटली. मागे सगळे पट्टेच पट्टे, आणि एका कोपऱ्यात चक्क खिसा. मावशींनी तो उसवलाच नव्हता. "अगं, खिसा! चोखणी ठेवायला. किती बारीक विचार करतात ही माणसं."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. गुरुवारपासून ते आपला आवडता पायजमा शोधत होते. त्यांनी खिशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"अहो, चहा गार होतोय," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पेपर पुन्हा वर केला. नंतर बराच वेळ तो पेपर हलत होता.

फोटो राहूनच गेले, कारण ठकीला दुलईवर ठेवलं आणि ती दुसऱ्या मिनिटाला झोपली. एक तास. दोन तास. मी तिसऱ्यांदा नाकापाशी बोट धरून श्वास तपासला आणि स्वयंपाकघरात आले, तर ताई गॅसवरून दूध उतरवत होत्या. हातात ती वीतभर वस्तू!

"हे कुठून आणलंस?"

"इथलंच आहे," मी पुटपुटले.

"दिसतंयच. आमच्या दुलईचं बदकसुद्धा चोरलंय! टाके बघ कसे वाकडे. आणि एका धुण्यात आकसलं असणार. आपल्याकडच्या मालाचं हे असंच." ताईंनी ती ओट्यावर टाकली. "थांब, तिकडे गेले की तुला आणखी एक दुलई पाठवते."

मी घाईघाईने नको म्हणणार, तेवढ्यात सासूबाई भाजीतून मान वर न करता म्हणाल्या,

"पाठव गं. पातेल्याला दोन बाजू असतात."