उजव्या बगलेचे शिलेदार फर्गस इम्री यांची हकिकत

श्री. ज्याने वारा केला आणि वाऱ्यास दिशा दिली, त्यास प्रथम नमस्कार. त्याउपरि शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नल नाम संवत्सर, या साली विलायतेच्या उत्तरेस जो डोंगरी मुलूख आहे, जेथील पुरुष सणावारी चौकड्यांचा घागरा नेसून मशकबाजा वाजवितात, त्या मुलुखी समुद्रकाठी एक बंदर होते. मासळी धरावी, तीस धुरी द्यावी, आणि शनिवारी दोन प्रहरी फुटबॉल पाहावा, ऐसा तेथील रिवाज. गावोगावी एकेक फौज. फौजेत गडी अकरा, हत्यार कोणाजवळ नाही, एक चेंडू पायाने मारून शत्रूच्या जाळ्यात घालावा, इतकीच लढाई. परंतु हार जाहली तर लोक चार दिवस नीट जेवत नसत. बंदरच्या फौजेचे मैदान डोंगराच्या उतारावर होते, खाली समुद्र, आणि समुद्रावरून वारा बारमाही ऐसा वाहे की पाहुण्या फौजेच्या गोलरक्षकाची टोपी प्रत्येक सामन्यात एकदा तरी उडून जाई आणि लोक टाळ्या देत.

या फौजेत फर्गस इम्री सतराव्या वर्षी दाखल जाहले. बाप होडीवर खलाशी, आई लवकर वारलेली, अंगाने काटकुळे, पण धावू लागले म्हणजे हरणास मागे टाकीत. म्हणोन त्यांस उजवी बगल दिली. बगलेच्या गड्यास त्या मुलुखी विंगर म्हणतात. त्याचे काम ऐसे की कडेच्या रेषेने धावत जावे, आडवा येईल त्यास चकवावे, आणि शेवटास पोहोचून चेंडू उंच उचलून मध्ये आपल्या गड्याच्या डोक्यावर टाकावा. यास क्रॉस म्हणतात. फर्गस इम्री यांचा क्रॉस मुलुखात निराळा होता. ते चेंडू समुद्राकडे मारीत. पाहणारास वाटे, गेला पाण्यात. मग वारा त्यास धरून परत आणी आणि नेमका गड्याच्या कपाळावर ठेवी. हे त्यांस कोणी शिकविले नाही. लहानपणापासून तेथेच खेळले, म्हणोन पायास ठाऊक.

मैदानाची राखण थॉमस गन करीत. त्यांस गाव गनबाबा म्हणे. गवत कापणे, चुन्याच्या रेषा मारणे आणि कुरकुर करणे ही तीन कामे ते चोख करीत. त्यांची लेक एफी धुरीच्या कारखान्यात कामास होती आणि प्रत्येक सामन्यास येऊन जाळ्याच्या मागे उभी राही. पहिल्या मोसमात सामना संपल्यावर ती पुढे येऊन बोलिली की, "पाय बरे आहेत तुझे. डोके कोठे ठेवून आलास?" फर्गस इम्री बोलिले, "आत्तापर्यंत होते. तू पुढे आलीस तेव्हा गेले." तेव्हा ती हसली, आणि गनबाबा दुरून ओरडले की, "बोलायचे तर रेषेच्या बाहेर बोला, चुना ओला आहे!"

मग तीन वर्षांनी, शके एकोणीसशे एकात, राजधानीच्या बलाढ्य फौजेकडून बोलावणे आले. तेथील सरदार ड्यूगल्ड टरिफ म्हणोन होते, आवाज तोफेचा आणि मिशी भरघोस. त्यांनी पाठीवर सातचा आकडा असलेला सदरा दिला आणि सांगितले की, "बंदरी जे करीत होतास तेच येथे कर." फर्गस इम्री यांनी तेच केले, आणि तेथेच घात जाहला. चेंडू उडे, आणि गड्याचे डोके सोडून, जाळे सोडून, प्रेक्षकांत जाऊन पडे. पहिला सामना तसाच गेला, दुसरा गेला, आणि पाच सामने गेले. लोक आरोळ्या देऊ लागले की, "अरे, तिकडे तुझी मावशी बसली आहे काय?" एके दिवशी चेंडू मटण भरलेल्या कचोऱ्या विकणाऱ्या बाईच्या ताटात पडला. ती बाई उठून म्हणाली, "हा पोरगा माझा धंदा बसविणार. माझ्याकडे कोणी गिऱ्हाईक येण्याआधी हाच सगळ्यांस घरी धाडील." मैदान हसले. मग टरिफसाहेबांनी खोलीत बोलावून निकाल दिला की, "आणखी एक शनिवार. नाही जमले तर परत मासळीस जा. मासळी काही बोलत नाही."

तो शनिवार येण्यापूर्वी आदल्या सामन्यास एफी आगगाडीने आली होती. तिने सर्व पाहिले. बाहेर आल्यावर फर्गस इम्री खाली मान घालून उभे, आणि म्हणाले, "माझे पाय गेले, एफी." ती म्हणाली, "पाय कोठे जात नाहीत. येथे वारा नाही, वेड्या." फर्गस इम्री म्हणाले, "वारा नाही ऐसे कोठे असते?" ती म्हणाली, "येथे असते. चारी बाजूंस बघ, किल्ल्यासारख्या उंच भिंती बांधून त्यावर माणसे बसविली आहेत. वारा आत येणार कोठून? तू वाऱ्यास चेंडू देतोस, आणि घ्यायला वारा घरी नाही." हे ऐकून सरदारांपासून पाणक्यापर्यंत कोणाच्या ध्यानी न आले ते एका मुलीच्या ध्यानी आले, म्हणोन त्यांस लाज वाटली, आणि लाजेहून समाधान अधिक वाटले.

परंतु ठाऊक होणे निराळे आणि पायास समजणे निराळे. मग एफीने युक्ती केली. रविवारी बंदरी परत नेले. बंदरावर मासळीच्या लिलावाची मोठी शेड होती, चहूकडून बंद, रविवारी रिकामी, आत वाऱ्याची झुळूकही नाही. ती एका टोकास मासळीची टोपली डोक्यावर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "या टोपलीत टाक. माझे नाक फोडलेस तर लग्न मोडले." लग्नाचा विषय तोवर निघाला नव्हता. फर्गस इम्री यांनी तेथल्या तेथे तीन चेंडू छतास मारले. मग चौथा टोपलीच्या काठास लागला. इतक्यात आवाज ऐकून गावचे पाद्री आत आले. त्या मुलुखी रविवारी खेळणे पाप मानीत. पाद्री बोलिले, "देवाच्या दिवशी चेंडू?" एफी टोपली न उतरविता बोलिली, "चेंडू नाही, महाराज, चूक सुधारतो आहे. चुका रविवारी सुधाराव्या, हे आपणच दर आठवड्यास सांगता." पाद्री दार आतून ओढून घेऊन एका पेटीवर बसले. संध्याकाळपावेतो पासष्ट चेंडू टोपलीत पडले, आणि मोजणारे पाद्रीच होते.

पुढील शनिवारी पहिलाच क्रॉस गड्याच्या कपाळावर, आणि गोल. टरिफसाहेबांनी मिशी चावली. त्याउपरि अकरा वर्षे फर्गस इम्री राजधानीच्या उजव्या बगलेचे शिलेदार राहिले. दोन वेळा चषक जिंकिला. एकदा मुलुखाच्या फौजेतून परदेशी बारा मिनिटे लढले, आणि त्या बारा मिनिटांस चेंडू त्यांच्या पायास एकदाच लागला, तरी बंदरी तो दिवस सण म्हणोन पाळला. शके एकोणीसशे तीन, दुर्मती नाम संवत्सर, या साली एफीशी लग्न जाहले. नाव दुर्मती, पण याहून सुमती कोणाची पाहिली नाही. एफीबाई प्रत्येक सामन्यास येत, आणि घरी परतताना चार शब्दांत सामना सांगून टाकीत. मग चहा. मूल जाहले नाही. संसार बरा चालला.

मग शके एकोणीसशे बारा आले. त्या संवत्सराचे नाव प्रमोद. प्रमोद म्हणजे आनंद. संवत्सरांच्या नावांवर विसंबू नये. श्रावणात एफीबाईंस दुखणे जाहले आणि मार्गशीर्षात त्या गेल्या. त्यावर अधिक लिहीत नाही. माणूस जाते तेव्हा घरात आवाज कमी होतो ऐसे म्हणतात, ते खरे नाही. घड्याळ, किटली, नळ, सर्वच मोठ्याने वाजू लागते. फर्गस इम्री एकतीस वर्षांचे होते. त्यांनी सात आकड्याचा सदरा घडी करून टरिफसाहेबांच्या मेजावर ठेविला. टरिफसाहेब, ज्यांचा आवाज तोफेचा, ते हळू बोलिले, "थोडे थांबून पाहा." फर्गस इम्री बोलिले, "कशासाठी थांबू, तेही आता ठाऊक नाही," आणि बंदरी आले. गनबाबांच्या घराशेजारी खोली घेतली. शनिवारी दारे लावून बसत. कोणी विचारी, उद्या येता का, तर म्हणत, उद्याचे उद्या पाहू. आणि उद्या विचारिले तरी तेच.

त्या काळी बंदरच्या फौजेचे दिवस फिरले होते. यादीत शेवटचे नाव त्यांचे. त्या साली सर्व फौजांनी मिळून ठरविले की, मोसमाअखेर जी फौज शेवटी राहील तिचे नाव यादीतून कायमचे कमी करावे. नाव गेले म्हणजे मैदान मेंढरांस. फौजेचे कारभारी फर्गस इम्री यांच्याकडे तीन वेळा येऊन गेले, दार उघडले नाही. मग माघ महिन्यात एके सकाळी गनबाबा आले. ते आर्जव करावयास आले नव्हते. बोलिले, "रेषा मारायला चल. माझे हात कापतात, चुना वाकडा पडतो. रेफरी हसतो." सासऱ्यास नाही म्हणवेना. गेले. चुन्याची गाडी ढकलीत उजव्या कडेस आले तर तेथे गवत घोट्याच्या वर. गनबाबा कुरकुरले, "डावीकडे गवत टिकत नाही आणि इकडे मरत नाही. इकडे कोणी धावतच नाही. मीच कापायचे, मीच वाकायचे. माझी पाठ काय सरकारी आहे?" फर्गस इम्री बोलिले, "मग कोणास तरी धावावयास सांगा." गनबाबा बोलिले, "सांगितले की. आत्ताच सांगितले." मग गनबाबा खाली पाहत म्हणाले, "मी एकटा बसून पाहिले, पोरा. सहा आठवडे. त्याने ती परत येत नाही. पाठही बरी होत नाही."

मग फर्गस इम्री यांनी चुन्याची गाडी तेथेच उभी केली आणि घरी गेले. गनबाबांस वाटले, गेला. पण ते बूट घेऊन आले. पहिल्या दिवशी तीन वेळा धावले आणि कडेस बसून ओकले. गनबाबा म्हणाले, "गवतावर नको, बाहेर." दुसऱ्या दिवशी आठ वेळा. मग फौजेत नाव घातले. तेरा सामने उरले होते. पाच जिंकिले, तीन बरोबरीत, चार गेले, आणि शेवटच्या शनिवारी ऐसे जाहले की बरोबरी केली तर नाव राहील, हरले तर जाईल. मुलुखातून माणसे आली. धुरीचा कारखाना बंद ठेविला. शत्रूने पहिल्या घटकेतच गोल केला. फर्गस इम्री यांच्यावर दोन दोन गडी ठेविले, त्यांनी पाय ओढिले, सदरा ओढिला, आणि एकाने तर कानात विचारिले, "आजोबा, घरी कोणी वाट पाहत नाही का?" फर्गस इम्री त्यास बोलिले, "नाही. म्हणोन मला घाई नाही." आणि त्यास चकवून गेले. तो क्रॉस पडला, गड्याने डोके लाविले, चेंडू खांबास लागून परत आला, आणि धावत मागे आलेल्या फर्गस इम्री यांच्याच गुडघ्यास लागून जाळ्यात गेला. सुंदर गोल नव्हता. पण गोल होता. बरोबरी जाहली, शिट्टी वाजली, यादीत नाव राहिले, आणि लोक मैदानात उतरले. गनबाबा एकटेच ओरडत होते की, "गवत! गवत तुडवू नका रे!"

लोक पांगल्यावर गनबाबा आणि फर्गस इम्री जाळी उतरवू लागले. गनबाबा बोलिले, "पुढच्या शनिवारी?" फर्गस इम्री बोलिले, "पुढच्या शनिवारी काही नाही. मोसम संपला." गनबाबांनी जाळ्याची एक गाठ सोडविली, दुसरी सोडविली, आणि विचारिले, "मग केव्हा?" फर्गस इम्री यांनी समुद्राकडे पाहिले, आणि बोलिले, "ऑगस्टात. पहिला सामना ऑगस्टात आहे. येईन."

येणेप्रमाणे फर्गस इम्री आणखी चार मोसम उजव्या बगलेवर लढले. एकूण सामने चारशे अकरा, गोल त्रेपन्न, पैकी गुडघ्याने एक. त्या बगलेवर आजतागायत गवत नाही. ही हकिकत जैसी घडली तैसी लिहिली. वाचणाराचे घरी कोणी गेले असेल, त्याचाही ऑगस्ट येवो. इति.