सुमनताईंची घडीची खुर्ची

सुमनताई कुठंही जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जातात. लोखंडी, घडीची, पायांना लाकडी ठोकळे बसवून मुद्दाम उंच केलेली. बारसं असो की सत्यनारायण, यजमान सतरंजी दाखवतो आणि ताई खुर्ची उघडतात. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आजी, खुर्चीचं तिकीट?" ताई म्हणाल्या, "मांडीवर घेतलीय ना? मांडीवरल्या पोराचं तिकीट फाडतोस काय?"

त्यांचं नि माझं घर भिंतीला भिंत लागून. आमच्या पेणच्या आळीत त्यांना पाठीमागं 'महाराणी' म्हणत. चारचौघांत जमिनीवर बसायला बाईला कमीपणा वाटतो, असा सगळ्यांचा समज होता.

पेण आणि रोह्यातल्या संधिवाताच्या रुग्णांचं मंडळ या महाराणींनीच काढलं. बोटं वाकडी झालेल्या बाया, धाटावच्या कंपनीत शिफ्टा करून रिटायर झालेले बाप्ये, असे आमचे सभासद. माझा एकही सांधा दुखत नसताना मला सेक्रेटरी केलं. "जिचे गुडघे धड, ती सेक्रेटरी. हापिसांचे जिने चढून अर्ज कोण देईल गो?" एवढीच माझी पात्रता.

ताईंचे कायदे कडक. सभा दुपारीच, कारण सकाळी सगळ्यांची बिजागरं आखडलेली असतात. दुखणं एकदाच सांगायचं. पुन्हा सांगायचं तर मधल्या काळात काय केलं तेही सांगायचं. आणि डॉक्टरला न विचारता कुणी गोळी सोडली, तर त्याची खैर नाही. निडीच्या गणपतकाकांनी एकदा सोडली. "बरं वाटलं म्हणून सोडलीस? पाऊस थांबला म्हणून कौलं उतरवतोस काय?" काकांनी भरल्या सभेत ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी गोळी सुरू केली.

रोह्याच्या एका दवाखान्यात सांध्यांचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येत. त्यांना खोली दिली होती वरच्या मजल्यावर. खालच्या खोलीत मोडक्या खाटा होत्या. म्हणजे ज्यांना जिना चढवत नाही त्यांचा डॉक्टर वर, आणि ज्या खाटांना कुठंच जायचं नाही त्या खाली. गणपतकाका दोनदा अर्ध्या जिन्यातून परत फिरले होते. औषध लिहून मिळेना आणि बोटं दिवसेंदिवस मिटत चालली होती. मी अर्जांवर अर्ज दिले. दवाखान्याच्या मुख्य साहेबांचं उत्तर ठरलेलं, "बघू."

"बघतोय कुठं तो?" ताई म्हणाल्या. "त्याला दाखवायलाच लागेल."

डॉक्टर यायच्या दिवशी आम्ही सगळे जिन्याच्या पायथ्याशी जमलो. धरणं धरायचं ठरलं होतं, पण खाली बसायचं म्हटल्यावर जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. तेव्हा ताईंनी खुर्ची मिटून माझ्या हातात दिली, कठडा धरला आणि सरळ फरशीवर बसल्या. मी बघतच राहिले. मग गणपतकाका बसले, आणि मग 'आई गं, आई गं' करत सगळेच.

साहेब धावत आले. "हे काय चाललंय? आधी उठा."

"उठत नाय असं नाय, साहेब," ताई म्हणाल्या. "उठता येत नाय."

साहेबांना ती धमकी वाटली. खरं तर ती निव्वळ वस्तुस्थिती होती. बेत आखताना बसायचं कुठं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. उठायचं कसं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी वॉर्डबॉय, कंपाउंडर आणि खुद्द साहेब एकेकाला उठवायला लागले. "हात ओढू नका, काखेत धरा," ताई बसल्या जागेवरून हुकूम सोडत होत्या. गणपतकाकांना उठवताना साहेबांना घाम फुटला. काकांनी दात आवळून धरलेले त्यांनी अगदी जवळून पाहिले. काकांना उभं करून ते कंपाउंडरला म्हणाले, "त्या खाटा आत्ताच्या आत्ता हलवा."

आजही तळमजल्यावरची डॉक्टरांची पाटी दिसली की माझी छाती फुगते. उठता न आल्यामुळे जिंकलेलं धरणं जगात आमचंच असेल.

त्या दिवशी शेवटी खाली उरल्या एकट्या ताई. मी पुढे झाले, तर त्यांनी हात वर केला.

"थांब गो जरा. बसू दे."

"दुखतंय का?"

"ते तर हायच." त्या फरशीवरून वाकडी बोटं फिरवत होत्या. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला. "घरात एकदा देवापुढं दिवा लावायला बसले. दिवा विझला, तरी उठता येईना. हाक मारायची लाज वाटली. तवापासून खाली बसलेच नाय. आज उठवायला तुम्ही सगळी हायत, म्हणून बसले."

मी खुर्ची भिंतीला टेकवली आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.

आता रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून हाक येते, "बसले गो मी." हातातलं काम टाकून मी जाते. दिवा लावून झालेला असतो, पण मी त्यांना लगेच उठवत नाही.