नमुना कुटुंब

ग्रंथपालांनी सातव्या मजल्यावर आयुष्यातलं पहिलं घर घेतलं, तेव्हा इमारत तिसऱ्या मजल्यापर्यंतच आली होती. वरचे मजले कागदावर पूर्ण होते, आणि कागदावर विश्वास ठेवण्यात ग्रंथपालांची उभी हयात गेली होती. त्यांनी भाड्याची खोली सोडत असल्याचं लेखी देऊनही टाकलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईला एकच आस होती: घरमालकाला न विचारता भिंतीत एक खिळा ठोकायचा.

ताब्याची तारीख तीनदा पुढे गेली. खोली मात्र ठरल्या दिवशी गेली. ग्रंथपाल बिल्डरच्या कार्यालयात हात जोडून उभे राहिले, तेव्हा विक्री अधिकाऱ्याने मोठ्या सहानुभूतीने तोडगा काढला. गिऱ्हाइकांना दाखवायला बांधलेलं नमुना घर रिकामंच होतं. तिथे ‘नमुना कुटुंब’ या पदावर बायको आणि आईसह तिघांना राहता येईल, अर्थात तात्पुरतं.

अटी किरकोळ होत्या. दहा ते सहा प्रसन्न दिसायचं, कपडे वाळत घालायचे नाहीत आणि भांडणं कार्यालयीन वेळेनंतर. खोल्या ऐसपैस वाटाव्यात म्हणून दारं बसवलेली नव्हती आणि पलंग पाच फुटीच केला होता. ग्रंथपाल गुडघे पोटाशी घेऊन झोपत. नळाला पाणी नाही अशी बायकोने तक्रार केली, तर सदर नळ केवळ दर्शनी असल्याचं उत्तर आलं. आईने टोपलीतलं सफरचंद चावलं आणि दात हलवून घेतला. मग नोटीस आली: आजींच्या आकारमानामुळे दिवाणखाना लहान भासतो, सबब त्यांनी गिऱ्हाइकांच्या वेळेत गॅलरीत उभं राहावं.

आता मात्र ग्रंथपालांचं डोकं फिरलं. ते तरातरा अधिकाऱ्याकडे गेले. त्याने शांतपणे हिशेब समजावला: दहा घरं विकली की एक मजला चढतो. तुमचा सातवा हवा असेल, तर चाळीस गिऱ्हाइकं हवीत.

दुसऱ्या दिवसापासून कुटुंब झडझडून कामाला लागलं. बायको कोरड्या नळाखाली हात धरून पाण्याच्या दाबाचं कौतुक करू लागली. आई गॅलरीतूनसुद्धा पोट आत ओढून हसू लागली. बघता बघता एकोणचाळीस घरं गेली.

चाळिसावं गिऱ्हाईक चौकस निघालं. भिंती वाजवून झाल्यावर त्याने ग्रंथपालांना कोपऱ्यात घेतलं.

“तुम्ही भले गृहस्थ दिसता. खरं सांगा, घेऊ का?”

ग्रंथपालांनी गॅलरीकडे पाहिलं. आई सकाळपासून उभी होती, पाय सुजले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, फार वाटली.

“डोळे मिटून घ्या,” ते म्हणाले. “आम्ही इथे अगदी सुखात आहोत.”

तुम्ही लगेच सही केलीत. आठवा मजला ना? मग काळजी कसली, आता दहाच गिऱ्हाइकं हवीत. ग्रंथपाल वर राहायला गेले की नमुना कुटुंबाचं पद रिकामं होईल. घरातल्या माणसांची वजनं तेवढी कळवून ठेवा.