आधी आमच्याकडेच या

शंकरप्पांच्या मोबाइलमध्ये एकूण सहाशे बारा नावं होती. त्यांत 'दूधवाला' तीन, 'गॅसवाला' चार, 'उचलू नको' सहा आणि नुसतं 'सिद्धेश्वर' नऊ. लातूरचं ग्रामदैवतच सिद्धेश्वर. त्यामुळे बाजारात या नावाने हाक मारली की चारजण तरी वळून बघतात.

शंकरप्पांचा मुलगा उमाशंकर पुण्याच्या एका कंपनीचा डेटाबेस सांभाळायचा, लातुरात घरी बसून. कंपनीच्या नोंदींत एक माणूस दोनदा दिसला की त्याला जेवण जात नसे. शनिवारी संध्याकाळी वडिलांचा मोबाइल त्याच्या हातात आला आणि मोबाइलनेच विचारलं, 'नऊ नोंदी सारख्या दिसतात. एकत्र करायच्या?' उमाशंकरने 'हो' दाबलं. नऊ सिद्धेश्वरांचा एक झाला.

रविवारी सकाळी शंकरप्पा पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं की पूजा संपेपर्यंत ते अक्षर बोलत नसत. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पत्नी पार्वतम्मांना आठवण झाली.

"उमा, नांदेडच्या सिद्धेश्वरप्पांना अप्पांच्या फोनवरून कळव रे. आधी आमच्याकडंच या म्हणावं. त्यांना आज दोन पोरी बघायच्यात. आपली मंजू अन् ती उदगीरची."

"उदगीरची बँकेत हाय," मंजुश्री आतून म्हणाली. "आधी तिकडं गेले अन् तिथंच जेवले, की संपलं बघ, दादा."

सिद्धेश्वरप्पांच्या मुलाशी, रविकिरणशी, ती एकदाच फोनवर बोलली होती. तेव्हापासून तिने एकच ओढणी चारदा इस्त्री केली होती.

उमाशंकरने मोबाइल उघडला. नाव एक, खाली नंबर नऊ. नांदेडचा कोणता, हे एकाही नंबरावर लिहिलेलं नव्हतं.

"आधी होतं तसं कर की," मंजुश्री म्हणाली. "बॅकअप घेतला असशील ना?"

"ऑफिसात घेतो."

"अन् घरी?"

"घरी विश्वासानं करतो."

मंजुश्रीने कपाळाला हात लावला. उमाशंकर देवघराच्या दारात गेला. "अप्पा, नांदेडचा नंबर यातला पहिला का?"

"हूं हूं." शंकरप्पांनी मान हलवली.

"मग दुसरा?"

"हूं हूं!"

नऊही नंबरांना नकार आला. नवातला एकही नाही, हे उमाशंकरच्या तर्कात बसेना. पूजेत व्यत्यय आणल्याचा राग असेल, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. नाव होतं 'लगेच उचल'.

"रविवारी सकाळीसुद्धा उचल देणारे कर्जवाले!" म्हणत त्याने फोन कापला. देवघरातून मोठ्याने "हूंऽऽ" आलं. फोन पुन्हा वाजला, त्याने पुन्हा कापला.

मग त्याने शांतपणे विचार केला. नवातला एक तर खरा असणारच. सगळ्यांना निरोप पाठवला तर खरा येईल, बाकीचे आठ समजून घेतील. त्याने लिहिलं, 'सिद्धेश्वरप्पा, आधी आमच्याकडेच या. वाट बघतोय. शंकरप्पा.'

लातुरात असा निरोप कोणी समजून घेत नाही, उठून येतो.

वीस मिनिटांत दारात मोटारसायकल थांबली. हात काळे, खांद्याला पिशवी.

"मी सिद्धेश्वर. अप्पांनी बलावलं."

पार्वतम्मांनी नांदेडच्या सिद्धेश्वरप्पांना कधी पाहिलेलं नव्हतं. रात्रीच लातुरात नातेवाइकाकडे उतरले असतील, असं म्हणत त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "या, बसा. एवढ्या लवकर!"

"आधी आमच्याकडंच या म्हणले न्हवं. मोटार कुठं हाय?"

पार्वतम्मांचा चेहरा उतरला. "आधी पोरगी तर बघा."

"पोरीचं काय बघू? आधी मोटार दाखवा. मग पुढचं बोलू."

"बघितलंस?" पार्वतम्मा आत येऊन कुजबुजल्या. "दिसायला साधा, अन् चार चाकीवर डोळा!"

"हा हुंडा आहे! आपण पुरावा म्हणून लिहून घेऊ," उमाशंकर म्हणाला आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागला. दाराची कडी वाजली. कोट घातलेला दुसरा सिद्धेश्वर आत आला. पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मंजुश्रीला त्याने पहिला प्रश्न विचारला, "वय किती? घरात कुणाला शुगर?"

तिसरा आला तो थेट रडत. "शंकरप्पानं बलावलं, मला लई झालं. नालीचं भांडण मी आजच मिटवलं." चौथा, पाचवा, सहावा आला. प्रत्येकजण सिद्धेश्वर होता, आणि कोण जाणे, खरा कोण असेल म्हणून पार्वतम्मांनी प्रत्येकाला पाटावर बसवलं.

पूजा संपवून शंकरप्पा बाहेर आले आणि तिथेच थांबले.

"आगं, हा बोअरच्या मोटारीचा सिद्धेश्वर! हा विम्याचा! ह्याला मी तीन वर्षं चुकवूलालो. उम्या, काय करून ठेवलास हे?"

"नांदेडचे कोणते, अप्पा?"

"यातला एक बी न्हाई! त्यांना मी 'लगेच उचल' ठेवलंय. फोन वाजला की नाव कशाला पाहिजे? काय करायचं ते पाहिजे!"

उमाशंकरने दोनदा कापलेला नंबर काढून मोबाइल अप्पांपुढे धरला.

शंकरप्पांनी फोन लावला. पलीकडून थंड आवाज आला. "दोनदा कापलात. म्हणलं, तुमची इच्छा न्हाई. शिरूर ताजबंदच्या फाट्यावर हाव. हितून उदगीरला वळूलालाव."

मंजुश्रीने शंकरप्पांच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"काका, मी मंजुश्री. दादानं तुमच्या नावाचे नऊजण बोलावले. त्यातले सहा मला बघून पोहे खाऊलालेत. एकाला मोटार पाहिजे, एकाला माझी शुगर. तुम्हीच तेवढे राहिलात."

पलीकडे आधी एक तरुण हसला, नंतर सगळी गाडी हसली.

"रवी," सिद्धेश्वरप्पांचा आवाज आला, "लातूरला घे."

गाडी येईपर्यंत कोणीच उठलं नाही. "खरा कसा हाय ते बघून जातो," विम्याचा सिद्धेश्वर म्हणाला. मोटारीच्या सिद्धेश्वरला नुसतं बसवेना. त्याने परसात जाऊन बोअरची मोटार उघडली. तिथल्या ठोकाठोकीत रविकिरण आणि मंजुश्री काय बोलले, ते कोणालाही ऐकू आलं नाही.

एक वाजता सुपारी फुटली. सतरा मिनिटांत भरणारी टाकी अकरा मिनिटांत भरली.