थोरल्या घड्याळजींनी लाल भोपळा सर केला त्याची हकीकत

प्रातःकाळचे ऊन मजल दरमजल करीत खिडकीच्या गजांतून आत आले, प्रथम ओट्याच्या कडेस टेकले, मग पाण्याच्या पेल्यात शिरून क्षणभर भिंतीवर हलले, मग कोणाचीही झोप न मोडता फडताळापर्यंत सरकले, आणि तेथे डबाबंद अन्नाची जी फौज रांगेने उभी होती तिजवर पडून उगेच राहिले. त्या उन्हास साक्ष ठेवून पुढील मजकूर सादर केला आहे.

घरात असामी एकच. राजमान्य राजश्री थोरले घड्याळजी, उमर सत्तरीपार, घड्याळदुरुस्तीचे दुकान वाढवून घरी बसलेले. डब्यांच्या रसदेवर गुजराण करिता तबियत नातवान जाहली आणि ते वर्तमान परगावी कन्येस कळले. मग तिचे फर्मान सुटले की, ताजी भाजी स्वहस्ते रांधून खावी, न पेक्षा महिनाअखेर घरास कुलूप घालून आपणाजवळ राहावयास यावे. घड्याळजींस घर सोडणे म्हणजे प्राण सोडणे.

तेव्हा गल्लीच्या टोकाशी भाज्यांचा मळा राखणारी त्यांची धाकटी बहीण सेनापतिपद घेऊन चालून आली. आघाडीस पालक, मध्ये टोमॅटो आणि पिछाडीस लाल भोपळा, ऐसा सरंजाम तिने ओट्यावर उतरविला. घड्याळजींनी जाबसाल केला की, भाजी बारीक चिरावी लागते, आणि बारीक म्हणजे घड्याळाच्या कामातले बारीक, केसाइतके. तैसी सुरी या घरात नाही. बहिणीने सुरी आणविली, धार नापसंत. दुसरी आणविली, मूठ नापसंत. मग चष्मा, पाट, उजेड, सर्वांवर ठपका ठेवून खासे घड्याळजी हात पाठीशी बांधून उभे राहिले.

“दादा, भाजी चिरायचीय, घड्याळ नाही उघडायचं!”

“जाडंभरडं खायला मी काय बैल आहे?”

बहीण पाणी घ्यावयास त्यांचे पाठीमागून गेली, आणि तेथे काय पाहिले ते तिने बोलून दाखविले नाही. परतली ती नवा हुकूम घेऊन. सुरीस या मोहिमेत मज्जाव. पालक हाताने तोडावा, टोमॅटो मुठीत चुरावा, भोपळा सबंध उकडून चमच्याने कोरावा.

“सकाळी तोडलाय, कोवळा आहे सगळा. लांबून आलेला निबर माल असता तर सुरी लागली असती.”

मग रण माजले. टोमॅटोने पहिल्याच चकमकीत खाशांचा सदरा रक्तबंबाळ केला, पालक शरण आला, आणि भोपळ्याने फार वेळ दम धरला. परंतु झाकण उघडताच वाफेचे लोट उठले आणि चमचा गडाच्या गाभ्यात उतरला. खासे जेवले. वाडगे बोटाने पुसून घेतले, आणि उद्या काय आणणार म्हणोन दटावून पुसले.

कन्येस फोनवरून वर्दी गेली, घराचे कुलूप टळले. येणेप्रमाणे मुदपाकखाना फत्ते जाहला, तो दफ्तरी रुजू केला.

बहीण चपला घालीत असता घड्याळजी दारापर्यंत आले.

“सुऱ्या चांगल्या होत्या गं,” ते म्हणाले. “माझे हात थरथरतात.”